मदत हवी आहे: शेंगदाण्याची ॲलर्जी आणि शाळेतला पोषण आहार

नमस्कार मंडळी. आम्ही तासगाव तालुक्यातले. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला आहे आणि तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. आता तुम्हीच सांगा, आपल्या सांगलीकडं कुटाशिवाय शिजतं काय?

गेल्या वर्षी घरीच समजलं. भडंग खाल्लं आणि थोड्याच वेळात ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, आवाज बसला. तसंच मिरजेला पळवलं. डॉक्टर म्हणाले, शेंगदाणा बंद. भाजला काय, शिजवला काय, चालणार नाही. पुन्हा श्वास अडला तर ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन मांडीत द्यायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा, नुसत्या ॲलर्जीच्या गोळीवर बसायचं नाही.

जूनमध्ये शाळेला लेखी दिलं. बाईंनी नीट ऐकूनही घेतलं. तरी मटकीच्या उसळीच्या दिवशी पोरगी मान खाजवतच घरी आली. स्वयंपाकाच्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "शेंगदाणा एक घातला नाही बघा ताई, नुसतं मूठभर कूट टाकलंय." त्यांना काय बोलणार? आमच्या सासूबाईंच्या लेखीही कूट म्हणजे मसालाच.

आता शाळा म्हणते डबा देत जा. देते. पण सगळी पोरं पंगतीत ताटं घेऊन बसतात आणि ही व्हरांड्याच्या टोकाला डबा उघडून. घरी आली की खिचडी मागते. पहिली ते पाचवीला मुलामागं १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं प्रमाण आहे. त्यात शेंगदाणा नाहीच, कूट आपण चवीला घालतो. मग कूट पडायच्या आधी तिच्यापुरतं वेगळ्या पातेल्यात काढता येणार नाही का? कुणाच्या शाळेत असं करतात का? अर्ज कुणाला द्यायचा? आणि तेल घाण्याचं शेंगतेल असलं तर तेही तिला चालत नाही, ते कसं विचारावं?

प्रतिसाद:
ताई, मी कोरेगावकडं प्राथमिक शिक्षक आहे. बाजूला काढण्याच्या भरवशावर राहू नका. शंभर पोरं ताटं वाजवत असताना पळी तीच फिरते. आमच्याकडं असाच एक मुलगा होता, आम्ही शाळेतलं कूटच बंद केलं. उसळीला सुकं खोबरं भाजून वाटून लावतो. पोरांनी दोन दिवस नाकं मुरडली, मग विसरली. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे द्या, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीला. समितीच्या इतिवृत्तात नोंद घ्यायला लावा, म्हणजे गुरुजींची बदली झाली तरी कागद मागं राहतो. तेलाचं सोपं आहे, पिशवी नाहीतर डबा दाखवा म्हणायचं. आणि खरी धास्ती वाढदिवसाच्या चिक्कीची आणि संक्रांतीच्या तिळगुळाची. तिथं मावशींचा काही संबंधच नसतो.

धागाकर्ती:
गुरुजी, चिक्कीचं डोक्यातच नव्हतं. उद्याच बाईंना सांगते. सुक्या खोबऱ्याला मावशी तयार होतील असं वाटतं, पहिल्या आठवड्याच्या वाट्या मीच नेऊन देईन. इंजेक्शनचं मात्र राहिलंच. शाळेत ठेवलं तरी वेळ आली तर टोचणार कोण? बाई म्हणतात, माझा हातच उचलणार नाही. कुणाच्या शाळेत शिक्षकांना हे शिकवून घेतलंय का?