दरवर्षीचे मोठे क्रॉसओव्हर इव्हेंट चांगल्या सिरीजची वाट लावतात, पटतंय का?

जेसिकाचा_पंखा
मार्व्हल, डीसी या दोन्ही अमेरिकन कंपन्यांची कॉमिक्स बरीच वर्षं वाचतोय आणि आता माझं ठाम मत झालंय, हे जे सगळे हिरो एकत्र, जग बुडतंय, आता काहीच पूर्वीसारखं राहणार नाही टाइप इव्हेंट असतात ते दरवर्षी नकोत म्हणजे नकोत. एकच उदाहरण देतो. २०१४ ला स्पायडर-वुमनची नवी सिरीज आली, स्पायडर-वुमन म्हणजे जेसिका ड्रू माझी लाडकी, म्हणून पहिल्या अंकापासून घ्यायला लागलो तर पहिले ४ अंक स्पायडर-व्हर्स या इव्हेंटचेच तुकडे. तिचं घर, काम, माणसं, कशाचाच पत्ता नाही. पाचव्या अंकात नवा ड्रेस, नवा चित्रकार आणि मग कुठे तिची स्वतःची गोष्ट सुरू झाली, आणि काय देखणी झाली! पण दहाव्या अंकाला गाशा गुंडाळला, कारण २०१५ चं सिक्रेट वॉर्स आलं आणि जवळपास सगळ्याच सिरीज थांबवल्या. नंतर पुन्हा नंबर १ पासून सुरू. म्हणजे १० अंकांची सिरीज, त्यात पुढून इव्हेंट, मागून इव्हेंट. लेखकाने लिहायचं तरी कधी?

भांडुपचा_बॅटमॅन
१००% सहमत. त्यात मरणाची किंमतच गेली. डीसीच्या १९८५ च्या क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स या इव्हेंटमध्ये सातव्या अंकात सुपरगर्ल गेली, आठव्यात बॅरी अॅलन, म्हणजे फ्लॅश. बॅरी तब्बल २३ वर्षं परत आला नाही, त्याचा साथीदार वॉलीने तो पोशाख घातला आणि एक अख्खी पिढी वॉलीलाच फ्लॅश मानून मोठी झाली. आता इव्हेंटमध्ये कोणी मेलं की वाचक आधी विचारतात परत कधी येणार.

मधल्या_सुट्टीत
मी पूर्ण विरोधात आहे. दादा, तुम्ही सिक्रेट वॉर्सला शिव्या घालताय, पण त्याच वेळचे मिस मार्व्हलचे शेवटचे ४ अंक वाचलेत का? जर्सी सिटीवर आकाशात दुसरी पृथ्वी आलीय, जग संपणार हे सगळ्यांना कळलंय, आणि त्या गोंधळात कमला, म्हणजे मुखवट्यामागची पोरगी, तिच्या अम्मीला सांगते की मिस मार्व्हल मीच. आणि अम्मीला ते आधीच माहीत असतं! ती रागावत नाही, पोरगी चोरून बाहेर जाते ती लोकांच्या मदतीला, याचा तिला अभिमान वाटतो. मी ते पान वाचून रडले होते. हा प्रसंग साध्या महिन्यात आला असता तर एवढा लागला नसता, उद्या आहेच की नाही हे माहीत नसतं म्हणून तर कमला बोलते ना.

जेसिकाचा_पंखा
वाचलेत, आणि तो प्रसंग मलाही फार आवडतो, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच कमलाचं २०१६ च्या सिव्हिल वॉर २ मध्ये काय केलं ते बघा. कॅरोल, म्हणजे आधीची मिस मार्व्हल आणि नंतरची कॅप्टन मार्व्हल, तिची आदर्श, तिच्याच नावाने ही मिस मार्व्हल झाली, आणि इव्हेंटला दोन गट हवेत म्हणून ते नातं तोडलं. गुन्हा घडायच्या आधीच पकडायचं हा हट्ट कॅरोलच्या गळ्यात मारला. कॅरोल आवडणाऱ्या कितीतरी लोकांना ती तेव्हापासून ओळखीची वाटेना, मीही त्यातलाच.

मधल्या_सुट्टीत
मला ते नातं तुटणंही खरं वाटलं. आपण ज्यांना डोक्यावर घेतो ती माणसं चुकतात आणि सोळा वर्षांच्या पोरीला ते असंच एक दिवस कळतं.

जुना_अंक
थोडं मागे जाऊ. १९८४ चं पहिलं सिक्रेट वॉर्स मॅटेलच्या खेळण्यांसाठी निघालं होतं, सरळ धंदा. तरी स्पायडरमॅनचा काळा ड्रेस त्यातलाच. आणि गंमत म्हणजे त्याच्या स्वतःच्या मासिकात तो मे महिन्यातच काळा ड्रेस घालून परत आला, तो मिळाला कुठून हे इव्हेंटच्या आठव्या अंकात, डिसेंबरमध्ये कळलं. तेवढे महिने वाचकांनी नुसते अंदाज लावले. पुढे त्याच ड्रेसमधून १९८८ ला व्हेनम हा खलनायक आला. धंद्यासाठी काढलं म्हणून गोष्ट वाईटच असं नसतं.
माझ्या मते खरा प्रश्न हद्दीचा आहे. १९९५ चं एज ऑफ अपोकॅलिप्स घ्या, ४ महिने फक्त एक्स-मेनच्या सिरीज बदलल्या, बाकीच्यांना धक्का नाही. २००६ चं अॅनायहिलेशन तर अंतराळातच राहिलं, नोव्हा, ड्रॅक्स, रोनन असली मागे पडलेली माणसं घेऊन, आणि त्याच वाटेवर २००८ ची गार्डियन्स ऑफ द गॅलक्सीची टीम उभी राहिली. इव्हेंट असावा, पण ज्याची गोष्ट त्याच्याच अंगणात.

भांडुपचा_बॅटमॅन
अंगणात राहिला तर तो मोठा इव्हेंट कसला मग, ती त्या टीमची मोठी गोष्ट झाली. २००६ च्याच सिव्हिल वॉरमध्ये पीटरने, म्हणजे स्पायडरमॅनने, पत्रकारांसमोर मास्क काढला, केवढा मोठा निर्णय, आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत सगळ्यांच्या आठवणीतून पुसून टाकला. वर लग्नही गेलं.

मधल्या_सुट्टीत
पुसलं ते वन मोअर डेने, आणि ती स्पायडरमॅनच्या स्वतःच्या मासिकांमधली गोष्ट होती, इव्हेंट नव्हे! मास्क काढला तो इव्हेंटने. धाडस इव्हेंटने केलं आणि माघार मासिकाने घेतली, मग दोष इव्हेंटला का?

जेसिकाचा_पंखा
हा मुद्दा मान्य, इथे मासिकच कच्चं पडलं. पण जेसिकाचे ते ४ अंक मला अजून खुपतात. नव्या सिरीजला निदान पहिलं वर्ष तरी इव्हेंटपासून लांब ठेवा, एवढं तरी तुम्हाला पटतं का सांगा.

मधल्या_सुट्टीत
पहिलं वर्ष, हो. ते पटतं.