दुरुस्त झालेल्या दीपमाळेवर त्रिपुरी पौर्णिमेला दिवे कसे लावावेत?

रामबागकर
इंदूरच्या आमच्या गल्लीतल्या देवळापुढची काळ्या दगडाची दीपमाळ भाद्रपदात दुरुस्त झाली. सांध्यांतलं सिमेंट काढून चुन्यात दर्जा (दगडांमधल्या फटी) भरल्या, तैलरंग उतरवला. आता ती इतकी देखणी दिसते की येता-जाता पाय थांबतात. बारा थर, दर थराला नऊ दगडी हात. पूर्वी हातांवरच्या खळग्यात थेट तेल ओतत. यंदा ती उजळायचीच आहे, पण नव्या चुन्याला इजा नको. पणत्या कशा, तेल किती, चढायचं कसं?

दगडचुना
खळग्यात थेट तेल अजिबात नको. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत बाहेरून आत घट्ट होत जातो आणि त्यासाठी सांध्यात थोडा ओलावाही लागतो. दोन महिन्यांत वरचे काही मिलिमीटरच पक्के झालेले असतात. वरून तेल मुरलं की हवा अडते, आतला चुना मऊच राहतो आणि पुढच्या पावसात धुपतो. सांधा नखाने ओरखडून पाहा. पीठ सुटलं तर त्या थरावर यंदा दिवा नको.

सिमेंट काढलंत हे फार चांगलं केलंत. माळव्याचा काळा दगड घट्ट, त्यामुळे आत शिरलेलं पाणी सांध्यांतूनच बाहेर पडतं. सिमेंटने ती वाट बुजते आणि कोंडलेल्या पाण्याने गाभ्यातला जुना चुना झिजत जातो. पुढे कुणी 'थोडं सिमेंट मारून देतो' म्हणालं तर ऐकू नका. एक भाग मुरवलेला चुना, अडीच ते तीन भाग चाळलेली वाळू, सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल भरण आणि निदान दहा दिवस ओलं गोणपाट, एवढंच दीपमाळेला लागतं.

चढताना हातांवर पाय देऊ नका. ते एकाच टोकाने रोवलेले असतात. दिव्याचं वजन पेलतात, माणसाचं नाही. बांबूची परांची स्वतंत्र उभी करा, दीपमाळेला टेकवू किंवा बांधू नका.

वातीवाली
मातीच्या पणत्या आदल्या दिवशी सहा-सात तास पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. कोरी पणती तेल पिते आणि बुडातून पाझरते. तरीही प्रत्येकीखाली स्टीलची लहान ताटली आणि तीत कोरडी वाळू हवीच; पणती वाळूत रुतली की वाऱ्याने सरकत नाही.

साधी कापसाची वात ताशी 5 ते 8 मिली तेल जाळते. तीन तासांना 25 मिली धरा, म्हणजे 108 पणत्यांना 2 लिटर 700 मिली. सांडलवंड धरून तीन लिटर आणा. आधी घरी एक पणती लावून वेळ मोजा, कारण वात जाड झाली की सगळा हिशोब बदलतो. उज्जैनच्या हरसिद्धी देवीच्या देवळातल्या दोन दीपस्तंभांवर मिळून 1011 दिवे आणि एका वेळेला सुमारे 60 लिटर तेल लागतं, म्हणजे दिव्यामागे जवळपास 60 मिली. तुमच्या दीपमाळेला लहान पणत्याच बऱ्या.

वात काठाबाहेर गव्हाच्या दाण्याएवढीच ठेवा. लांब वात धुरकटते आणि काजळी थेट वरच्या हाताला लागते. दिवे वरच्या थरापासून लावत खाली उतरा, म्हणजे पेटत्या ज्योतींवरून कुणाला वाकावं लागत नाही. कपडे सुती आणि अंगाबरोबरचे. ओढणी, उपरणं खाली ठेवूनच चढा. जवळ वाळूची बादली असू द्या. पेटत्या तेलावर पाणी पडलं तर भडका उडतो.

बारीककाम
शेजारी विजेची माळ सोडणार असाल तर दगडात खिळा ठोकू नका. लोखंड गंजून फुगतं आणि दगड फोडतं. सुती दोरीने बांधा.

रामबागकर
सगळ्यांचे मनापासून आभार. हातांवर तेलाचे जुने काळे डाग आहेत, त्यांना ॲसिड चालेल का?

दगडचुना
नाही, ॲसिडने चुना विरघळेल. काजळी कोरड्या मऊ ब्रशने झाडा, तारेचा ब्रश नको. मग मुलतानी माती मिनरल टर्पेंटाईनमध्ये कालवून डागावर बोटभर जाड लेप द्या, सांध्यांवर जाऊ देऊ नका. एक दिवस प्लास्टिकने झाका, मग उघडून पूर्ण वाळला की लाकडी पट्टीने काढा. दोन-तीनदा करावं लागेल. टर्पेंटाईन पेट घेतं, तेव्हा हे काम पौर्णिमेनंतरच काढा.