अंतर तेच, मग वेळ वेगळा का?

लंडन ते न्यूयॉर्क साधारण ५,५५० किमी, विमान ताशी ९०० किमीने जातं, म्हणजे सव्वासहा तास. मग तिकिटावर आठ तास कसे, हा प्रश्न रास्त आहे. भागाकार बरोबरच आहे. पण ताशी ९०० हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेतला, आणि ती हवा स्वतःच धावत असते.

उत्तर अटलांटिकवर दहा-अकरा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा वाहतो, हिवाळ्यात तर फारच जोरात. फेब्रुवारी २०२० मध्ये एका प्रवासी विमानाने न्यूयॉर्कहून लंडन अवघ्या ४ तास ५६ मिनिटांत गाठलं. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता! न्यूयॉर्ककडे जाताना तोच वारा तोंडावर येतो, म्हणून वेळ वाढतो. शिवाय तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो; धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरल्यावरचं रेंगाळणंही त्यातच.

वाऱ्याइतकाच फरक राजकारणानेही पडतो. हेलसिंकी-टोकियो विमान रशियावरून साधारण नऊ-साडेनऊ तासांत जायचं. २०२२ मध्ये रशियाचं आकाश फिनलंडच्या विमानांना बंद झालं आणि त्याच प्रवासाला तेरा तासांच्या आसपास लागू लागले. नकाशावरचं अंतर मात्र होतं तेवढंच!

त्यामुळे मी तरी अंतरावरून हिशोब मांडत नाही. त्याच क्रमांकाचं विमान गेल्या आठवडाभरात प्रत्यक्ष किती वेळात पोहोचलं, ते फ्लाइट ट्रॅकरवर बघते. पुढचं विमान गाठायचं असेल तर हे जरूर बघाच.