रविवारीच सगळ्यात जास्त दमतो, मग माझा शब्बाथ (विसाव्याचा दिवस) कधी?

काळी_दोन

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. प्रश्न साधाच आहे, पण ओळखीच्या माणसाला विचारायला लाज वाटते, म्हणून इथे टोपणनावाने विचारतोय.

सोमवार ते शनिवार हिशेब लिहिण्याची नोकरी. मंगळवारी संध्याकाळी तरुण संघाचा शास्त्राभ्यास, गुरुवारी घरोघरची प्रार्थना, शनिवारी गाण्यांची तालीम. रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन माइक-स्पीकर लावायचे, उपासनेत कीबोर्ड वाजवायचा, मग संडे स्कूल, मग खजिनदार म्हणून दान मोजायचं आणि वर कमिटीची मीटिंग. हे कुणी माझ्यावर लादलेलं नाही. एकेकाला मीच 'हो' म्हणत गेलो.

गेल्या महिन्यात उपदेश चालू असताना मला बसल्याबसल्या डुलकी लागली. कीबोर्डचा आवाज कमी करायचा राहून गेला होता. पाळक क्रुसावरच्या शेवटच्या घटकेबद्दल बोलत होते आणि माझं कोपर खालच्या सप्तकातल्या सात-आठ पट्ट्यांवर एकदम पडलं. लहान मुलं खो खो हसली. मोठ्यांनी रुमाल तोंडाला लावले. मी जागा झालो आणि घाबरून सरळ पुढच्या गीताची सुरावट वाजवायला लागलो. उपदेश अजून अर्धा बाकी होता.

पुढच्या रविवारी गेलोच नाही. फोन बंद करून दुपारी दोनपर्यंत झोपलो. उठल्यावर बरं वाटायला हवं होतं, वाटलं मात्र चोरी केल्यासारखं. फोन सुरू केला तर एका ज्येष्ठांचा निरोप: "भाऊ, गंजण्यापेक्षा झिजलेलं बरं."

तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. विश्वासणाऱ्याने विसावा मागितला तर त्याचा विश्वास कमी पडला असं होतं का? इब्री लोकांस पत्रात देवाच्या लोकांसाठी शब्बाथाचा विसावा राहिला आहे असं म्हटलंय, तो मेल्यावरचाच समजायचा?

रात्रपाळी

उपदेशात झोपणारे तुम्ही पहिले नाही. प्रेषितांची कृत्ये 20 उघडा. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेच्या गुंगीत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौल त्याला रागावल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. खाली उतरला आणि त्याला कवटाळलं. (नंतर वर जाऊन पहाटेपर्यंत बोलत राहिला, ते सोडा.)

मी नर्स आहे, बरेचसे रविवार ड्यूटीवरच जातात. माझा विसाव्याचा दिवस कधी बुधवार, कधी शुक्रवार. आधी मलाही टोचायचं. मग कळलं की पहिल्या विश्वासणाऱ्यांचाही रविवार कामाचाच असायचा. कॉन्स्टंटाइन बादशहाने रविवारची सुट्टी जाहीर केली ती 321 साली, आणि तीही शहरातल्या लोकांना. शेतात काम करायला मोकळीक होतीच. त्यामुळे वार कुठला यावर रात्र जागू नका, रोमकरांस पत्र 14 वाचा (कुणी एक दिवस मोठा मानतो, कुणी सगळे सारखे) आणि झोपा.

एक मात्र स्पष्ट सांगते. झोपेची थकबाकी प्रार्थनेने फिटत नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला वचन ऐकवलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर दिली, पाणी दिलं आणि परत झोपू दिलं. मग पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. देवाचं बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांनी, होरेब पर्वतावर. आमच्या वॉर्डातही हाच क्रम चालतो.

आणि दान मोजायचं काम आधी सोडा. झोपाळलेल्या माणसाने मंडळीचे पैसे मोजू नयेत.

जुना_मेंढपाळ

निवृत्त पाळक आहे, थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. इब्री 4:3 मध्ये 'विश्वास ठेवणारे आपण त्या विसाव्यात जात आहोत' अशा अर्थाचं वाक्य आहे. काळ वर्तमान आहे. पूर्णता पुढे आहे हे खरं, पण दार आज उघडं आहे.

आता शब्बाथाची आज्ञा. ती दोनदा दिली आहे आणि दोन्ही ठिकाणी कारण वेगळं आहे, हे आपण उपदेशात फारसं सांगत नाही. निर्गम 20 मध्ये कारण सृष्टीचं: देवाने सहा दिवसांत सगळं केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद 5 मध्ये कारण मिसर (इजिप्त) देशाचं: तू तिथे दास होतास, याची आठवण ठेव. दासाला सुट्टी नसते. विटांचा आकडा भरला नाही तर पाठीवर फटके. म्हणून बाहेर काढल्यावर देवाने त्यांना थांबायला शिकवलं, आणि तेसुद्धा सीनाय पर्वतावर आज्ञा देण्याआधीच. निर्गम 16 मधला मान्ना, म्हणजे रानात देवाने दिलेलं अन्न, आठवा. रोज माणशी एक ओमेर (तेव्हाचं एक माप), सहाव्या दिवशी दोन. इतर दिवशी सकाळपर्यंत ठेवला तर त्यात किडे पडायचे, शब्बाथासाठी ठेवलेला मात्र टिकायचा. तरी काहीजण सातव्या दिवशी टोपल्या घेऊन निघालेच! त्यांना काही मिळालं नाही. मिसर सुटला होता, मिसरची सवय सुटली नव्हती. मी त्या टोपलीवाल्यांपैकीच आहे, म्हणून ते मला चांगले ओळखीचे वाटतात.

सेवेत असताना मी आठवड्याची सुट्टी कधी घेतली नाही आणि ते लोकांना ऐकवायचोही. मग आजारपण आलं, सहा आठवडे अंथरुणावर. पहिल्या रविवारी मला वाटलं, मंडळीची दाणादाण उडणार. दुसऱ्या रविवारी एका तरुणाने उपदेश केला. तिसऱ्या रविवारी भेटायला आलेल्या बाई आनंदाने म्हणाल्या, "काळजी करू नका पाळकसाहेब, सगळं अगदी छान चाललंय." त्यांना वाटलं मी खूश होईन. मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. मंडळीचं माझ्यावाचून अडत नाही, याचं मला दुःख झालं होतं. मी ज्याला सेवा म्हणत होतो त्यात माझा अहंकार केवढा होता, ते त्या दोन दिवसांत दिसलं.

झिजण्याबद्दल म्हणाल तर प्रभू स्वतः वादळात होडीच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपला होता. मार्क 4:38. उशीचा उल्लेख फक्त मार्कात आहे. आणि निर्गम 31:17 मध्ये देवाने विसावा घेऊन 'दम घेतला' अशा अर्थाचं जे इब्री क्रियापद आहे, तेच 23:12 मध्ये दासीच्या मुलासाठी आणि उपऱ्यासाठी वापरलंय. विश्वाचा निर्माता आणि दासीचा पोर, दोघांनाही शब्द एकच.

मार्थाच_बरी

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला, उत्तरंही वाचली. सगळी चांगली आहेत. मला एकच विचारायचंय. तुम्ही दुपारी दोनपर्यंत झोपलात तेव्हा घरात कोण जागं होतं?

पाळकसाहेबांनी आज्ञा सांगितली, पण तिच्यातली यादी सांगितली नाही. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, उपरी. बैल आणि गाढवसुद्धा आहेत, बायको नाही. 'तू' मध्ये नवरा-बायको दोघंही आले असं साहेब सांगतील. मान्य आहे. पण आमच्या घरात वीस वर्षांत त्याचा अर्थ तसा कुणी लावलेला मी पाहिला नाही. रविवारी उपासनेहून आल्यावर सगळे 'दमलो बाई' म्हणून पसरतात आणि मी चपला काढून थेट ओट्याशी. मार्था आणि मरियेवरचा उपदेश (प्रभू घरी आला तेव्हा मार्था कामात, मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसलेली) तर मी इतक्यांदा ऐकलाय की पाठ झालाय. मरियेने चांगला वाटा निवडला. खरं आहे, प्रभूच म्हणाला. पण तो उपदेश संपल्यावर भांडी उचलायला कुणाला बोलावतात, तेही बघा कधीतरी.

ही आज्ञा विसावा घेण्याची जेवढी आहे, तेवढीच देण्याची आहे असं मला वाटतं. ज्याच्या हाताखाली माणसं आहेत त्यालाच उद्देशून ती सांगितलेली आहे. तुम्ही झोपलात याबद्दल माझी तक्रार नाही. जरूर झोपा. फक्त ती झोप कुणाच्या अंगावरून गेली, तेवढं घरी विचारा.

जुना_मेंढपाळ

ताई, यादीत बायको का नाही याचं जे उत्तर मी आयुष्यभर देत आलो ते तुम्ही आधीच लिहून टाकलंत. माझी बायको हे वाचून मघापासून हसतेय. तिने एवढंच विचारलं की त्या सहा आठवड्यांत तिला किती सुट्ट्या मिळाल्या. मी लॉग आउट करतो.

काळी_दोन

उशिरा लिहितोय, माफ करा. सगळ्यांचे आभार.

मार्थाताई, तुमचं वाचून आधी रागच आला. मग घरी बायकोला विचारलं. त्या रविवारी तिने मुलांना घेऊन उपासना केली, मी का आलो नाही हे निदान दहा जणांना सांगितलं आणि घरी येऊन मुलांना दुपारभर बाहेरच्या पायरीवर बसवून ठेवलं. धाकट्याच्या खेळण्यातल्या गाडीचा सायरन वाजतो, म्हणून तिच्या बॅटऱ्या काढून ठेवल्या होत्या. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. बॅटऱ्या अजून स्वयंपाकघरातल्या खणात होत्या, तिने उघडून दाखवल्या.

दान मोजायचं आणि मंगळवारचं, ही दोन कामं सोडतोय असं कमिटीत सांगितलं. ज्येष्ठ म्हणाले, 'बघू.' मी म्हटलं, बघा, पण मी सोडली आहेत. आवाज कापत होता माझा.

घरी ठरलं की शनिवारी दोन ते पाच तिला कुणीही हाक मारायची नाही. परवा पहिलाच शनिवार. मी दोन्ही मुलांना घेऊन बाहेर पडलो, पण धाकटा कंटाळला आणि साडेतीनलाच परतावं लागलं. दार हळूच उघडलं तर ती पुढच्याच खोलीत जमिनीवर पालथी झोपली होती, चष्मा डोळ्यांवर तसाच. आम्ही दार ओढून घेतलं आणि तिघंही पायरीवर बसलो. पाच वाजेपर्यंत धाकटा ती गाडी पायरीवरून वर-खाली फिरवत होता आणि सायरन तोंडाने वाजवत होता, अगदी हळू आवाजात.