बिटकॉइन कोअर ०.१६.३ वरून ३० वर जायचंय, जुनं वॉलेट प्रून केलेल्या नोडवर आहे. क्रम काय ठेवावा?

खानदेशी_नोड

विंडोज १० (६४ बिट), ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. बिटकॉइन कोअर (बिटकॉइनचा नोड आणि वॉलेट चालवणारा प्रोग्राम) ०.१६.३, प्रून ५५० वर, म्हणजे जुने ब्लॉक पुसून साधारण शेवटचे ५५० एमबीच ठेवतो. शेवटचं सिंक डिसेंबर २०२१ चं. वॉलेटला पासफ्रेज आहे आणि तो माहीत आहे. आवृत्ती ३० च्या माहितीत लिहिलंय की जुन्या पद्धतीचं वॉलेट आता उघडणारच नाही, आधी 'मायग्रेट' (नव्या पद्धतीत रूपांतर) करा. अजून काहीच इन्स्टॉल केलेलं नाही.

थेट ३० टाकलं तर चालेल, की एकेक आवृत्ती चढत जावं लागतं? मायग्रेशन अर्ध्यात फसलं तर नाणी जातात का? आणि वॉलेट परत मिळवायचे ते बारा शब्द कुठे असतात? मेनूत तर दिसत नाहीत. पेनड्राइव्हवर वॉलेट डॉट डॅटची एक कॉपी आहे, पण ती पासफ्रेज लावण्याआधी काढलेली आहे.

---

ब्लॉक_दर_ब्लॉक

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण खरा धोका तिथे आहे. ती पेनड्राइव्हवरची कॉपी बॅकअप म्हणून धरू नका. कोअरमध्ये वॉलेट एन्क्रिप्ट केलं (पासफ्रेज लावला) की मूळ बीज, ज्यातून सगळ्या किल्ल्या निघतात, ते बदलतं आणि राखीव किल्ल्यांचा साठा नव्याने तयार होतो. म्हणजे पासफ्रेज लावल्यानंतर जे पत्ते काढले, जी सुट्टी (पाठवून उरलेली रक्कम) परत आली, त्यातलं काहीही त्या जुन्या फाइलमध्ये नाही. फेकू नका, पण तिच्या भरवशावर पुढचं पाऊल टाकू नका.

बारा शब्द कोअरमध्ये नाहीत. कधीच नव्हते. इथे बॅकअप म्हणजे फाइल.

एकेक पायरी चढायची गरज नाही. पण मध्ये एकच थांबा घ्या: २९ मालिकेतली शेवटची आवृत्ती. कारण असं. जुनी वॉलेट डॉट डॅट बर्कली डीबी या डेटाबेसमध्ये असते. ०.२१ पासून (जानेवारी २०२१) एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसवरचं, नव्या पद्धतीचं 'डिस्क्रिप्टर' वॉलेट आलं, २३ पासून तेच डीफॉल्ट झालं, आणि ३० मध्ये बर्कली डीबी पूर्ण काढून टाकलं. ३० ला जुनी फाइल फक्त वाचता येते, तीही मायग्रेट करण्यापुरती. २९ मात्र ती नेहमीसारखी उघडते आणि मायग्रेटही करते.

तुमच्या बाबतीत थेट ३० मुळे अडकायचं कारण प्रून आहे. ३० सुरू केलं की वॉलेट लोड न होताच नोड सिंक करायला लागेल आणि डिसेंबर २०२१ च्या आसपासचे ब्लॉक पुसत पुढे जाईल. नंतर मायग्रेट करायला जाल तेव्हा वॉलेट म्हणेल, मी अमुक ब्लॉकपर्यंत पाहिलंय, त्यापुढचे दाखव. ते ब्लॉक तर पुसले गेले. मग 'वॉलेटचं शेवटचं सिंक प्रून केलेल्या डेटाच्या मागे आहे' अशा अर्थाची एरर येते आणि उपाय एकच उरतो: अख्खी साखळी पहिल्यापासून डाउनलोड, म्हणजे ७०० जीबीच्या वर.

आणि ३०.० व ३०.१ ला हात लावू नका. त्यात नेमक्या याच परिस्थितीत घात करणारा दोष होता. बिननावाच्या वॉलेट डॉट डॅटचं मायग्रेशन फसलं की, विशेषतः प्रून असताना, साफसफाई करताना वॉलेटचा अख्खा फोल्डर पुसला जाण्याची शक्यता होती. शेजारची इतर वॉलेटंसुद्धा. ३०.२ मध्ये ते दुरुस्त झालं. ०.१६.३ ने बनवलेलं तुमचं वॉलेट बहुधा बिननावाचंच असेल आणि नोड प्रून केलेला आहे, म्हणून एवढं सांगतोय.

आता क्रम. मायग्रेशनला इंटरनेट लागत नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्याचाच फायदा घ्यायचा.

०.१६.३ फाइल मेनूतून 'एक्झिट' करून बंद करा. टास्क मॅनेजरमधून मारायचं नाही. 'बंद होत आहे' ही खिडकी जाईपर्यंत थांबा, पाच मिनिटं लागली तरी. बर्कली डीबी काही नोंदी वेगळ्या लॉग फायलींमध्ये, 'डेटाबेस' नावाच्या फोल्डरात ठेवतं. नीट बंद झालं की त्या वॉलेट डॉट डॅटमध्ये मुरतात. प्रोग्राम चालू असताना काढलेली कॉपी अर्धवट असू शकते.

मग ॲपडेटा, रोमिंग, बिटकॉइन हा पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. प्रून असल्याने तो फार मोठा नाही. शिवाय एकट्या वॉलेट डॉट डॅटच्या दोन कॉप्या दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर.

वायफाय बंद करा. आधीच उतरवून, तपासून ठेवलेलं २९ इन्स्टॉल करा. २८ पासून विंडोजवरची डीफॉल्ट जागा रोमिंगऐवजी लोकल झाली आहे, पण रोमिंगमध्ये जुना डेटा सापडला तर प्रोग्राम तोच वापरतो. त्यामुळे फोल्डर हलवत बसू नका.

सुरू करण्याआधी वॉलेटला नाव द्या. बिटकॉइन फोल्डरात 'वॉलेट्स' नावाचा फोल्डर असेल तर त्यात एक नवा फोल्डर करा, समजा 'जुने' (नाव रोमनमध्ये टाइप करा, म्हणजे पुढे कटकट नाही) आणि वॉलेट डॉट डॅट त्यात हलवा. 'वॉलेट्स' फोल्डरच नसेल तर तो स्वतः तयार करू नका. तो दिसला की कोअर फक्त त्यातच वॉलेट शोधतं आणि बाहेरची फाइल त्याला दिसेनाशी होते. 'वॉलेट गायब झालं' म्हणून जे धागे निघतात त्यातले बरेच इथलेच. अशा वेळी 'जुने' हा फोल्डर थेट बिटकॉइन फोल्डरातच करा.

२९ सुरू करा, फाइल मेनू, ओपन वॉलेट, 'जुने'. जुन्या ब्लॉकपर्यंतची शिल्लक दिसली पाहिजे. आकडा आणि व्यवहारांची संख्या कागदावर लिहून ठेवा. मग फाइल मेनूतलं मायग्रेट वॉलेट, 'जुने', पासफ्रेज. किल्ल्या जास्त असतील तर वेळ लागतो. खिडकी हलत नाही म्हणून बंद करू नका.

झाल्यावर शिल्लक त्या कागदाशी जुळवा. जुळली की लगेच, वायफाय अजून बंद असतानाच, फाइल मेनूतून नवा बॅकअप. हे टाळायचं नाही. मायग्रेशननंतर नवे पत्ते वेगळ्या मार्गांनी निघतात (बीआयपी ४४, ४९, ८४, ८६ या मानकांचे). बीज तेच असलं तरी जुन्या बर्कली फाइलला त्या मार्गांची माहिती नाही. जुन्या फाइलवरून पुढच्या व्यवहारांचे पैसे दिसणार नाहीत.

मग वायफाय चालू, सिंक पूर्ण होऊ द्या, आणि त्यानंतर निवांत ३०.२ किंवा त्यापुढची आवृत्ती वरून इन्स्टॉल करा.

---

कॅशे_वाढवा

वरचा क्रम बरोबर. सिंकबद्दल थोडं.

२०२१ च्या अखेरीपासून आजपर्यंतचे ब्लॉक म्हणजे ३०० जीबीहून जास्त डाउनलोड. प्रून असलं तरी उतरवावं सगळंच लागतं, फक्त साठवलं जात नाही. मोबाइल हॉटस्पॉटवर करू नका. चेनस्टेट (न खर्चलेल्या नाण्यांची यादी) हा फोल्डर प्रूनमध्ये मोजला जात नाही आणि तो एकटाच १० जीबीच्या वर जातो. २५६ च्या डिस्कवर निदान ६० जीबी मोकळी हवी.

प्रून ५५० वर ठेवून एवढं मोठं सिंक करणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. मर्यादा लहान असली की प्रोग्रामला सारखे ब्लॉक पुसावे लागतात आणि प्रत्येक वेळी कॅशे (रॅममधला तात्पुरता साठा) डिस्कवर लिहावी लागते. ऑप्शन्समध्ये प्रून ३० जीबी करा. बिटकॉइन डॉट कॉन्फ फाइलमध्ये प्रूनची ओळ असेल तर ती भारी पडते, तिथेच बदला. तिथला आकडा एमबीत असतो, म्हणजे ३००००. डेटाबेस कॅशे ४५० वरून २००० ते ३००० एमबी. ८ जीबी रॅमवर त्याहून जास्त दिलंत तर विंडोज डिस्कवर स्वॅप करायला लागेल आणि मिळवलेला वेग परत जाईल. सिंक झाल्यावर पुन्हा ४५० वर आणा.

सिंक चालू असताना शिल्लक चुकीची किंवा शून्य दिसू शकते. घाबरून काही 'दुरुस्त' करायला जाऊ नका.

---

झटपट_राव

एवढा खटाटोप कशाला? ०.१६.३ मध्ये कन्सोल उघडा, डम्पप्रिव्हकी (खासगी किल्ली दाखवणारी कमांड), किल्ली कॉपी, कुठल्याही मोबाइल वॉलेटमध्ये स्वीप, म्हणजे नाणी तिकडे ओढून घ्या. दहा मिनिटांचं काम.

---

ब्लॉक_दर_ब्लॉक

@झटपट_राव, ती कमांड एका वेळी एकाच पत्त्याची किल्ली देते. जुन्या वॉलेटमध्ये नाणी एका पत्त्यावर नसतात. काही पाठवलं की उरलेली रक्कम सुट्टी म्हणून एका नव्या पत्त्यावर येते आणि तो पत्ता 'रिसीव्ह'च्या यादीत दिसत नाही. लोक दिसणाऱ्या दोन-तीन पत्त्यांच्या किल्ल्या काढतात आणि मोठी रक्कम सुट्टीच्या पत्त्यावर राहून जाते. वर उघडी किल्ली क्लिपबोर्डवर, आणि क्लिपबोर्ड चाळणारं मालवेअर विंडोजवर नवीन नाही.

शिवाय हा मार्ग बंदच होतोय. डिस्क्रिप्टर वॉलेटवर डम्पप्रिव्हकी चालत नाही, आणि ३० मधून ती, इम्पोर्टप्रिव्हकी, डम्पवॉलेट या सगळ्या काढल्या आहेत. मायग्रेट झाल्यावर गुप्त भागासकट सगळं हवंच असेल तर कन्सोलमध्ये लिस्टडिस्क्रिप्टर्स आणि पुढे ट्रू (रोमनमध्ये, छोट्या अक्षरांत, कमांडच्या नावात स्पेस नाही). वॉलेट आधी अनलॉक करावं लागतं. जे छापून येईल ते म्हणजे अख्खी तिजोरी, स्क्रीनशॉट काढू नका.

---

सही_तपासा

'तपासून ठेवलेलं' हे एका शब्दात निघून गेलं, म्हणून लिहितो. बिटकॉइनकोर डॉट ऑर्ग हा पत्ता स्वतः टाइप करा. गुगलवरच्या जाहिरातीच्या लिंकवरून जाऊ नका. इन्स्टॉलरसोबत एसएचए२५६सम्स ही फाइल आणि तिची सहीची फाइलही उतरवा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयूटिल, डॅश हॅशफाइल, इन्स्टॉलरचं नाव, एसएचए२५६ असं दिलं की ६४ अक्षरी आकडा (हॅश) येतो. तो यादीतल्या ओळीशी पूर्ण जुळवा, पहिली चार अक्षरं बघून सोडू नका.

पण हॅश जुळणं पुरेसं नाही. खोट्या साइटवर यादीही खोटीच असणार. म्हणून जीपीजी या सही तपासणाऱ्या प्रोग्रामने सहीची फाइल तपासायची. तिच्यावर अनेक जणांच्या सह्या असतात. ज्यांच्या किल्ल्या तुमच्याकडे नाहीत त्यांच्यापुढे 'तपासता आली नाही' येईल, ते चालतं. दोन-तीन ओळखीच्या बिल्डरांच्या (प्रोग्राम बांधून सही करणाऱ्यांच्या) सार्वजनिक किल्ल्या घेऊन त्यांच्यापुढे 'गुड सिग्नेचर' आलं पाहिजे. 'बॅड' एकही आलं तर फाइल डिलीट.

कोअर स्वतःहून अपडेट होत नाही आणि 'नवी आवृत्ती आली, इथून घ्या' असा निरोपही दाखवत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये इलेक्ट्रम या दुसऱ्या वॉलेटच्या जुन्या आवृत्त्यांत हल्लेखोरांनी स्वतःचे सर्व्हर लावून असाच निरोप दाखवला होता. लोकांनी लिंकवरून 'अपडेट' उतरवलं आणि नाणी गेली.

या धाग्यानंतर कोणी खासगी मेसेज करून 'वॉलेट डॉट डॅट पाठवा, मी बघतो' म्हणालं तर उत्तरसुद्धा देऊ नका.

---

वाईचा_वाटसरू

याच विषयातलं म्हणून इथेच विचारतो. ३०.२, नोड प्रून केलेला नाही, पूर्ण सिंक आहे. जुन्या डिस्कवरून आणलेली वॉलेट डॉट डॅट मायग्रेट करताना 'एलएसएन (लॉगमधले नोंद-क्रमांक) रीसेट नाहीत, डेटाबेस पूर्ण फ्लश झालेला नाही, म्हणजे सगळं फाइलमध्ये उतरलेलं नाही' अशा अर्थाची एरर येते. फाइल खराब झालीय का?

---

ब्लॉक_दर_ब्लॉक

बहुधा नाही. मूळ प्रोग्राम नीट बंद न होता फाइल उचलली गेली, एवढंच ते सांगतंय. ३० मधला वाचक बर्कलीच्या लॉग फायली समजून घेत नाही, म्हणून तो नकार देतो. आधी त्या फाइलची एक कॉपी बाजूला ठेवा. जुन्या डिस्कवर वॉलेटशेजारी 'डेटाबेस' फोल्डर आणि त्यात लॉगने सुरू होणाऱ्या फायली असतील तर त्याही आणा, त्याच फोल्डरात शेजारी ठेवा. मग २९ मध्ये वॉलेट उघडा, 'एक्झिट' करून बंद करा. एवढ्यानेच फ्लश होतं. नंतर तिथेच मायग्रेट करा किंवा ३०.२ मध्ये, दोन्ही चालेल.

---

खानदेशी_नोड

वॉलेट्स फोल्डर आहे, वॉलेट डॉट डॅट त्यातच आहे. दोन शंका. मायग्रेट झाल्यावर एकाऐवजी जास्त वॉलेटं दिसतात असं वाचलं, ते का? आणि हे हस्तांतरण धरून कर लागतो का?

---

ब्लॉक_दर_ब्लॉक

पूर्वी नुसते पत्ते, किल्ल्यांशिवाय, इम्पोर्ट केले असतील तर ते 'वॉचओन्ली' शेपटीच्या वेगळ्या वॉलेटमध्ये जातात. जुन्या पद्धतीत दोन्ही एकाच फाइलमध्ये मिसळलेलं चालायचं, नव्यात चालत नाही. क्वचित 'सॉल्व्हेबल्स' नावाचं तिसरंही होतं, मल्टिसिगचे (अनेक सह्या लागणाऱ्या पत्त्यांचे) तुकडे असले तर. काही इम्पोर्ट केलं नसेल तर एकच दिसेल. शिवाय 'लेगसी डॉट बॅक'वर संपणारी एक फाइल तयार होते, ती तुमच्या जुन्या वॉलेटची प्रत आहे. ठेवून द्या.

---

कॅशे_वाढवा

कराचं: मायग्रेशनमध्ये साखळीवर एकही व्यवहार होत नाही. त्याच किल्ल्या दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये लिहिल्या जातात. भारतातला आभासी डिजिटल मालमत्तेवरचा ३० टक्के कर विकून किंवा बदलून झालेल्या नफ्यावर आहे. इथे विक्रीही नाही आणि मालकही तोच आहे.

---

खानदेशी_नोड

ठीक. २९ आणि ३०.२ दोन्ही उतरवून सह्या तपासल्या, तीन ठिकाणी 'गुड' आलं. प्रूनची ओळ कॉन्फमध्येच होती, ती बदलली. ३०.२ चा इन्स्टॉलर सिंक होईपर्यंत वेगळ्या फोल्डरात ठेवतो, चुकून आधी चालवायला नको.