मास इफेक्ट २ : सगळे लॉयल असूनही मॉर्डिन मरतोच, मदत हवी आहे (रहस्यभेद आहे)

पारिजातक_०७
मास इफेक्ट २ या गेमच्या शेवटच्या मिशनमध्ये माझ्या तुकडीतला मॉर्डिन मरतो. तीनदा खेळून झालं, तिन्ही वेळा तोच. सगळे लॉयल आहेत (प्रत्येकाचं खासगी काम करून दिलंय), जहाजाचे अपग्रेड झालेत, व्हेंटमध्ये आणि बायोटिक (मनोशक्तीच्या) ढालीसाठी माणसं योग्य निवडलीत. मॉर्डिन मेलेला सेव्ह मला तिसऱ्या भागात न्यायचा नाही. काय चुकतंय तेवढं सांगा. पहिला भाग खेळलाय, त्याबद्दल विचारू नका. रविवार रात्रीपर्यंत संपवायचंय.

तांबडफुटी
मरतो कुठे, ते लिहिलंच नाहीयेस. या मिशनमध्ये माणूस कुठे मरतो त्यावरून कारण कळतं. कलेक्टर या शत्रूंच्या तळावर पोचण्याआधीच मेला, तर जहाजाचा अपग्रेड राहिलाय. व्हेंटच्या दारात गोळी लागली, तर व्हेंटमधला माणूस किंवा पहिल्या तुकडीचा म्होरक्या चुकलाय. किड्यांच्या थव्याने ओढून नेला, तर ढाल धरणारा चुकलाय. सोडवलेल्या लोकांना परत नेताना मेला, तर तो लॉयल नव्हता. आणि तुझ्याबरोबर शेवटच्या लढाईत असताना ढिगाऱ्याखाली गेला, तरी कारण तेच. यातलं नक्की कोणतं?

पारिजातक_०७
यातलं एकही नाही. मोठा बॉस मारल्यावर, सगळे पळत असताना दाखवतात.

शेंदूर_आणि_शाई
मग कोणीतरी लॉयल नाहीये. सगळे लॉयल असतील तर कोणीच मरत नाही, सरळ नियम आहे. मिरांडा आणि जॅक दोघींची कामं झाली की जहाजावर त्यांचं भांडण होतं. तिथे एकीची बाजू घेतली की दुसरीची लॉयल्टी जाते आणि ते पटकन लक्षात येत नाही. टाली आणि लिजनचंही तसंच. स्क्वॉडचं पान उघडून एकेकाचं नाव तपास.

पारिजातक_०७
तपासलंय. सगळ्यांपुढे लॉयल आहे. मिरांडा-जॅक भांडण मी निळ्या (समजुतीच्या) पर्यायाने मिटवलं.

तांबडफुटी
@शेंदूर_आणि_शाई, हा नियम पूर्ण नाही, आणि त्यावर विसंबून बऱ्याच जणांचा मॉर्डिन गेलाय. शेवटच्या लढाईत तू दोघांना घेऊन पुढे जातोस, बाकीचे मागे दार धरून बसतात. त्या मागच्यांची सरासरी गेम काढतो. प्रत्येकाला बचावाचा आकडा आहे. लॉयल असेल तर ग्रंट, झाईद, गॅरस यांना ४. मिरांडा, जेकब, थेन, समारा किंवा मॉरिंथ, लिजन यांना २. मॉर्डिन, टाली, कासुमी, जॅक यांना १. लॉयल नसेल तर प्रत्येकाचा एक कमी. मागे पाच किंवा जास्त जण असतील आणि सरासरी २ किंवा वर असेल तर सगळे वाचतात. २ च्या खाली गेली की एक जातो, १.५ च्या खाली दोन, ०.५ च्या खाली तीन. जाण्याचा क्रमही ठरलेला : मॉर्डिन, टाली, कासुमी, जॅक, मग मिरांडा, जेकब असा पुढे. म्हणून तुझा मॉर्डिनच जातो, तो रांगेत पहिला उभा आहे.

आता सांग : बरोबर कोणाला घेतलंस, एस्कॉर्ट म्हणून (सोडवलेल्यांना जहाजावर परत न्यायला) कोणाला पाठवलंस, आणि झाईद-कासुमी आहेत का?

वीजेची_लकेर
क्लास कोणता आहे? व्हॅनगार्ड असेल तर शेवटची लढाई फार सोपी जाते. चार्ज मारला की शील्ड परत भरते, लगेच शॉटगन, परत चार्ज. इन्सॅनिटी या सगळ्यात अवघड पातळीवरसुद्धा हेवी चार्जपेक्षा एरिया चार्ज घ्यावा, कारण घोळक्यात घुसल्यावर आजूबाजूचेही आडवे होतात.

पारिजातक_०७
@वीजेची_लकेर लढाईची अडचणच नाहीये.
@तांबडफुटी लेजंडरी एडिशन आहे, म्हणून दोघेही आहेत. बरोबर गॅरस आणि ग्रंट, कारण तेच सगळ्यात दणकट. जेकब एस्कॉर्ट.

तांबडफुटी
तिथेच चूक आहे. कबड्डीत पकड करणारे दोन्ही कोपरारक्षक चढाईला पाठवलेत आणि आपलं अंगण मोकळं सोडलंय. मागे उरले मिरांडा २, जॅक १, मॉर्डिन १, थेन २, समारा २, टाली १, लिजन २, कासुमी १, झाईद ४. बेरीज १६, माणसं ९, सरासरी १.७८. एक जाणारच, आणि रांगेत पहिला मॉर्डिन.

शेंदूर_आणि_शाई
हे आकडे गेममध्ये कुठेच दिसत नाहीत. मी म्हटलं ते दिसणाऱ्या गोष्टीवरून म्हटलं. पण १.७८ चा हिशेब पटतो. मग सोपा उपाय आहे : मॉर्डिनलाच एस्कॉर्ट कर. लॉयल एस्कॉर्ट जहाजावर सुखरूप पोचतो आणि या सरासरीत मोजलाच जात नाही. जेकबला मागे ठेव.

पारिजातक_०७
हेच करतो.

तांबडफुटी
थांब, नुसतं तेवढं पुरणार नाही. गॅरस आणि ग्रंट परत बरोबर घेतलेस तर

तांबडफुटी
(अर्धंच गेलं.) तर मागे जेकब २ येईल, मॉर्डिन १ जाईल. बेरीज १७, माणसं ९, सरासरी १.८९. अजून २ च्या खालीच, म्हणजे एक जाणारच. आता रांगेत पुढची टाली आहे.

पारिजातक_०७
आत्ताच संपवून आले. टाली मेली. मॉर्डिन वाचला.

आणि एक, लिजन मोजू नका. तो माझ्याकडे नाही, सर्बेरस संघटनेला देऊन टाकला.

निळासावळा
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. लिजन दिला म्हणजे तिसऱ्या भागात राणॉक ग्रहावर टालीचे क्वेरियन आणि लिजनचे यंत्रमानव गेथ यांच्यात समेट होण्याचा रस्ता बंद. तिथे त्याच्या जागी गेथ व्हीआय (साधा संगणकी प्रोग्रॅम) येतो आणि शेवटी दोघांपैकी एकालाच वाचवता येतं. मॉर्डिन मेला तरी पॅडॉक विक्स नावाचा त्याच्याच सलेरियन वंशातला दुसरा येतो आणि कथा चालू राहते. समेटाला तसा पर्याय नाही. माझं मत विचाराल तर लिजन देण्याच्या आधीच्या सेव्हवर जा.

तांबडफुटी
लिजन नाही हे धरून परत मोजतो. पहिल्या तीन वेळा बेरीज १४, माणसं ८, म्हणजे १.७५. आत्ताच्या वेळी १५ भागिले ८, १.८८. दोन्ही वेळा एकच माणूस जाणार, आणि तेच झालं.

आता उपाय. एस्कॉर्ट मॉर्डिन. बरोबर टाली आणि ग्रंट किंवा गॅरस यांतला एक. दोघांनाही घ्यायचं नाही. टाली लॉयल आहे, त्यामुळे तुझ्याबरोबर तिला काही होत नाही, आणि रांगेतले पहिले दोघे दारापासून बाजूला होतात. गॅरस घेतलास तर मागे मिरांडा २, जेकब २, जॅक १, थेन २, समारा २, कासुमी १, झाईद ४, ग्रंट ४. बेरीज १८, माणसं ८, सरासरी २.२५. सगळे वाचतात.

पारिजातक_०७
गॅरसच हवाय, माझ्या शेपर्डचं (मी खेळते त्या पात्राचं) त्याच्याशी जुळलंय. पण यासाठी सगळं मिशन परत खेळायचं का?

शेंदूर_आणि_शाई
नाही. एस्कॉर्टची निवड ढाल धरणारी माणसं ठरवताना होते, शेवटचे दोन सोबती मात्र अगदी शेवटी, शेपर्डच्या भाषणाच्या सुमारास. त्या आधीचा ऑटोसेव्ह मिळाला तर एस्कॉर्ट कोणीही असो, मॉर्डिनला बरोबर घेऊन टाक. जेकब एस्कॉर्ट असलेल्या तुझ्या जुन्या खेळात गॅरस आणि मॉर्डिन घेतलेस तर मागे मिरांडा २, जॅक १, थेन २, समारा २, टाली १, कासुमी १, झाईद ४, ग्रंट ४. १७ भागिले ८, म्हणजे २.१३. चालतं. आता मीही तुझ्या हिशेबाने मोजायला लागलो, @तांबडफुटी.

तांबडफुटी
हिशेब बरोबर आहे, आणि सेव्ह असेल तर हाच सगळ्यात जवळचा रस्ता. पण २.१३ आणि २.२५ मध्ये मी २.२५ घेईन. कुणाची लॉयल्टी नजरेतून सुटली असली तर २.१३ वरून दोघांचा एकेक आकडा कमी होताच १.८८ होतं. २.२५ वरून दोघांचा कमी होऊनही बरोबर २ उरतात.

पारिजातक_०७
माझा ऑटोसेव्ह प्लॅटफॉर्मवर चढल्यानंतरचा आहे. सोबती बदलता येत नाहीत. जहाजावरचा, रिलेत (तळाकडे नेणाऱ्या अवकाशमार्गात) शिरण्याआधीचा सेव्ह आहे.

तांबडफुटी
मग तिथून. निवडी एका दमात लिहून ठेवतो, चालू खेळात शोधत बसू नकोस. व्हेंटमध्ये टाली किंवा कासुमी. पहिली तुकडी गॅरस. ढाल समारा किंवा जॅक. दुसरी तुकडीही गॅरस किंवा मिरांडा. एस्कॉर्ट मॉर्डिन. शेवटी बरोबर गॅरस आणि टाली. एकच धोक्याची जागा आहे : ढाल धरायला मिरांडा स्वतःहून पुढे येते, "कुठलाही बायोटिक जमवेल" असं काहीसं म्हणते. ऐकायचं नाही. ती ढाल धरते, पण तुझ्याबरोबर चालणाऱ्यांपैकी एकाला किडे उचलून नेतात. गेममध्ये याबद्दल कुठेही इशारा नाही आणि तिच्या बोलण्यात इतका विश्वास असतो की नवखा माणूस सहज फसतो.

वीजेची_लकेर
त्या ढालीच्या टप्प्यात सोबत्यांना एका जागी उभं करून ठेवू नका, ढालीबाहेर राहिलात की शेपर्डचा जीव कमी होतो. आणि क्लास सांगितलाच नाहीये अजून.

पारिजातक_०७
सेंटिनेल.

वीजेची_लकेर
टेक आर्मर आहे म्हणजे काळजीच नाही. फुटताना धक्का देतं, तेव्हा शत्रू जवळ येऊ द्यायचे.

चाफ्याचा_देठ
थोडं वेगळं बोलते. आकडे लावून सगळ्यांना वाचवता येतं हे कळल्यावर त्या दाराचं भय निघून जातं. मॉर्डिन पडतो तेव्हा तो हिशेबाचा नसतो, तुमच्या निवडीचा असतो. पहिल्यांदा खेळताना जे होईल ते घेऊन तिसऱ्या भागात जावं असं मला मनापासून वाटतं. जेनोफेजचा (क्रोगन वंशाला वांझ करणाऱ्या रोगाचा) प्रसंग पॅडॉक विक्सबरोबरही कमी नाही.

निळासावळा
निवड तेव्हाच आपली, जेव्हा तिचा परिणाम ओळखता येतो. दार कोण धरतंय हे गेम विचारतो, पण मागे कोण उरावं हे महत्त्वाचं आहे असं कुठेही सुचवत नाही. सगळ्यात ताकदवान दोघांना बरोबर घेणं हे कुठल्याही शहाण्या माणसाला सुचेल. त्याची शिक्षा मॉर्डिनला मिळते, ती मला पटत नाही. मॉर्डिन आणि त्याच्या शिष्याचा, मेलॉनचा, जेनोफेजवरचा डेटा, दोन्ही हातात असतील तर तो पुढचा प्रसंग पूर्ण वजनाने येतो. डेटा ठेवला होता ना, @पारिजातक_०७? फेकला असेल तर तिसऱ्या भागात ईव्ह ही क्रोगन स्त्री वाचत नाही.

पारिजातक_०७
ठेवला होता. जहाजावरची केली मात्र मेली. ती कशामुळे? सोडवलेल्यांत अर्धेच जिवंत होते.

निळासावळा
हे दाराच्या हिशेबात येत नाही. कलेक्टरांनी जहाजावरून लोक पळवले त्यानंतर तू किती मिशन केलीस त्यावर ठरतं. लगेच गेलीस तर सगळे जिवंत. एक ते तीन मिशन करून गेलीस तर अर्धे, त्यात केली जाते. त्याहून जास्त केलीस तर डॉक्टर चॅकवास सोडून कोणीच उरत नाही. रिलेआधीच्या सेव्हवरून हे बदलत नाही. त्यासाठी पळवून नेण्याच्याही मागे जावं लागेल.

पारिजातक_०७
दोन केली होती. खाणीचं आणि एक छोटं. म्हणजे केलीसाठी आणि लिजनसाठी, दोन्हीसाठी मागेच जावं लागणार.

तांबडफुटी
रीपर जहाजावर जाण्याआधीचा सेव्ह आहे का?

पारिजातक_०७
आहे. सात तास मागे.

तांबडफुटी
मग ते सात तास द्यावेत असं माझं म्हणणं. क्रम असा ठेव. रीपर जहाजावर जाण्याआधी बाकीच्या सगळ्यांची लॉयल्टीची कामं संपवलेली असावीत. तिथून आयएफएफ (रिले ओलांडायला लागणारं उपकरण) घेऊन परत आलीस की लगेच लिजनला चालू कर, ठेवून देऊ नकोस. त्यानंतर पहिलं मिशन त्याच्या लॉयल्टीचंच. मध्ये खाण, सर्वेक्षण, काहीही घालू नकोस, कारण लोक पळवून नेण्याचं घड्याळ तेव्हाच चालू झालेलं असतं. पळवून नेल्यावर सरळ रिले. टालीशी त्याचं भांडण होईल, ते निळ्या किंवा लाल पर्यायाने मिटवायला हवं. दुसऱ्या भागात ते पर्याय नुसत्या गुणांवर उघडत नाहीत. आतापर्यंत जिथे जिथे गेलीस तिथे मिळू शकणाऱ्या गुणांपैकी किती घेतलेस, त्या प्रमाणावर उघडतात. अर्धे चांगले, अर्धे कठोर असे गोळा केलेस तर दोन्ही बंद राहतात. सेंटिनेलच्या पॅसिव्हमध्ये पॉइंट घातले की ते प्रमाण वाढतं, भांडणाआधी तिथे एक टप्पा चढव.

निळासावळा
आणि लिजनच्या मिशनमध्ये फुटीर गेथांना मारून टाकायचं, पुनर्लेखन करायचं नाही. तिसऱ्या भागातल्या समेटासाठी ते दोन गुण धरले जातात. टाली हद्दपार झाली नसेल हेही बघ.

चाफ्याचा_देठ
लिजन आला की मागे आणखी एक २ मिळतो, सरासरी बदलणार.

तांबडफुटी
बदलते, पण चालते. मॉर्डिन एस्कॉर्ट, गॅरस आणि टाली बरोबर, मागे बेरीज २०, माणसं ९. २.२२.

पारिजातक_०७
रीपरच्या आधीचा सेव्ह लोड केला. लिजनला चालू केलंय. तो शेपर्डच्या जुन्या चिलखताचा तुकडा अंगावर लावून उभा आहे आणि मी हा देऊन टाकला होता. टालीचं भांडण झालं की लिहिते.

वीजेची_लकेर
लिजनला विडो रायफल देता येते, शस्त्र निवडताना बघ.