तिसरीच्या पोराला थेट पाचवीत बसवा म्हणे!

तिरकी_रेघ:
परवा इथल्याच एका गृहस्थांनी लिहिलं होतं की त्यांचा मुलगा तिसरीत आहे, सातवीची समीकरणं सोडवतो, पण शाळा त्याला पाचवीत बसवत नाही. सबब 'आपल्या शाळा हुशार मुलांच्या शत्रू आहेत'. खाली टाळ्यांचा पाऊस. तिथे उत्तर लिहायला बसलो, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, समीकरण सोडवतो म्हणजे नेमकं काय करतो? क्ष + ७ = १२ मधला ७ पलीकडे नेला की चिन्ह बदलतं, हे त्याला कुणीतरी सांगितलंय. का बदलतं, ते विचारून बघा. माझ्या भाच्याला विचारलं तर म्हणाला, "पलीकडे गेलं की बदलतंच." पूल ओलांडला की जिल्हा बदलतो, तसं.

त्यापेक्षा त्या मुलाला कापरेकरांचा खेळ द्या. देवळालीच्या शाळेतले मास्तर, १९४९ सालची गोष्ट. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता पुढे कितीही करा, ६१७४च येणार. कुठलीही संख्या घ्या, फार तर सात वेळा करावं लागतं. तिसरीची वजाबाकी पुरते याला. मग विचारा, तीन अंकी संख्येचं काय होतं? पोरगं आठवडाभर जेवायला हाक मारली तरी येणार नाही.

दोन_वेण्या:
छान. आणि हे वर्गात करून कोण घेणार, तुम्ही?

माझी मुलगी तिसरीत आहे. दहा मिनिटांत गणितं संपवते आणि उरलेला तास हाताची घडी, तोंडावर बोट. बाईंनी त्यावर उपाय काढला: "हुशार आहेस ना, मग बाकीच्यांच्या वह्या तपास." महिन्याभरात ती मुद्दाम चुका करायला लागली, का तर मैत्रिणी बोलेनाशा झाल्या. मी पूर्ण वर्ग उडवा म्हटलंच नव्हतं. गणिताच्या तासाला तेवढं पाचवीत बसू द्या, एवढंच. उत्तर आलं, वेळापत्रक जुळत नाही.

बाहेर बघावं तर पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीची हुशार मुलांसाठीची प्रशाला पाचवीपासून, शिष्यवृत्ती परीक्षा चौथीची होती ती २०१६-१७ पासून पाचवीला नेली होती, आता पुन्हा चौथीला आणली तरी तिसरीला नाहीच, भास्कराचार्य प्रतिष्ठानची गणिताची परीक्षाही पाचवी-सहावीची. आठ वर्षांच्या मुलीने तोवर काय रांगेत उभं राहायचं?

खडू_फळा:
ताई, आमच्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत या. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. तिसरीतली पोरगी बसल्या जागी चौथीचा भागाकार ऐकते आणि चौथीच्या पोरांआधी उत्तर देते. तुम्ही फी भरून जे मागताय ते आमच्याकडे फुकट आहे. फक्त मास्तर जागेवर पाहिजे. तो पोषण आहाराच्या नोंदी भरतोय, नाहीतर मतदार याद्या घेऊन दारोदार फिरतोय.

घाटावरचा:
वर्ग उडवणाऱ्यांनी पुढचाही हिशेब करावा. नीटला १७ वर्षं पूर्ण लागतात. दोन इयत्ता उडवल्या तर बारावीनंतर पोराला घरी बसवून अबॅकस शिकवणार का?

दोन_वेण्या:
डॉक्टर करायचंय असं कुठे म्हटलं मी? आणि अबॅकसचं नाव काढू नका. नऊ हजार घालवलेत. बोटं हवेत नाचवून बेरजा फटाफट करते, पण पाव मोठा की तृतीयांश, विचारलं की पाव म्हणते. का तर चार तिनापेक्षा मोठे.

निवृत्त_रोखपाल:
मी वर्ग उडवलेला माणूस आहे, म्हणून बोलतो. १९६८ साली दिपोटी साहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, शाळेत आले. दुसरीच्या वर्गाला विचारलं, तेराची दिडकी, म्हणजे दीडपट, किती? मी म्हणालो, साडेएकोणीस. साहेब खूश, गुरुजींनी मला थेट चौथीत बसवलं. वडिलांनी गावात पेढे वाटले. पण भागाकार होता तिसरीत! तो मला कुणी शिकवलाच नाही. कबड्डीत मला कोणी घेत नसे, मोठी पोरं टपल्या मारत. भागाकार शेवटी बँकेत लागल्यावर बायकोकडून शिकलो.

तरी पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी तोंडपाठ होती आमची. आता तर एकवीसला 'वीस एक' शिकवतात म्हणे! हुशार मुलांचं सोडा, आहेत तीही मंद होतील.

खडू_फळा:
काका, आलात ना मूळ पदावर! २०१९ च्या दुसरीच्या पुस्तकात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी होत्या. पुस्तक उघडून किती जणांनी पाहिलं? पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्ष मंगलाताई नारळीकरांसारख्या गणितीला लोकांनी वाट्टेल ते बोलून घेतलं. पोरगं 'पंचवीस' ऐकतं आणि ५२ लिहितं, हे मी रोज बघतो. आणि एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळीकडे 'एकोण', मग नव्याण्णवलाच काय झालं, सांगा बरं.

बेळगावकर:
+१. कन्नडमध्ये इप्पत्तोंदु, म्हणजे वीस आणि एकच. आमच्या गल्लीतल्या पोरांना काही अडत नाही.

निवृत्त_रोखपाल:
मग कन्नडमध्येच शिकवा की! सीमाप्रश्नावर मोर्चे कशाला काढता?

बेळगावकर:
काका, वयाचा मान ठेवतोय. मोर्चात लाठ्या आम्ही खाल्ल्यात, तुम्ही पेपरात वाचल्यात.

घाटावरचा:
जर्मन लोकही 'एक आणि वीस' असंच म्हणतात. त्यांचं गणित बुडालं का? (काडी टाकून पळतो. हलके घ्या.)

तिरकी_रेघ:
माझ्या धाग्याचा पार वीस एक झाला. मूळ प्रश्न तिसरीतल्या मुलाचा होता हो.

दोन_वेण्या:
मूळ प्रश्नावर येते. काल रात्री तुमचा तो खेळ लेकीला दिला. तिने घेतली १११२. २१११ वजा १११२, आले ९९९. मग ९९९ वजा ९९९, शून्य. "आई, तुझे कापरेकर चुकले!" मी झोपले. ती अकरा वाजता उठवायला आली, "पुढचं शून्य ठेवायचं असतं, ०९९९! मग येतं बरोबर, पाच वेळात." सकाळी दूध पिताना विचारते, शून्य सोडलं तर ती चूक, की तो वेगळा खेळ?

तेव्हा खेळ मान्य. पण हे सगळं रात्री अकराला, माझी झोप मोडून झालं. शाळेतल्या त्या तासाचं काय? सोमवारी मी मुख्याध्यापकांकडे पुन्हा जाणार आहे.

तिरकी_रेघ:
जा. तुमच्या मुलीला गणितापुरतं बसवा पाचवीत, माझी हरकत नाही. त्या गृहस्थांच्या मुलाला मात्र आधी विचारा, ७ चं चिन्ह का बदलतं.